शेऱ्याचा रकाना

कांजूरमार्गला पत्र्याच्या एका शेडमध्ये एकशे चाळीस कमोड, नव्वद वॉशबेसिनं, एक डुगडुगतं स्टूल आणि मी, असे आम्ही चौदा महिने एकत्र काढले. त्यांत बोलणारा मी एकटाच. आणि माझी तिथे रवानगी झाली तीही या बोलण्यामुळेच.

गिरण्या बंद पडून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. नोकऱ्यांची मारामार होती. अशात मला अंधेरीला संडास-बाथरूमचं चिनी मातीचं सामान विकणाऱ्या एका कंपनीत कारकुनाची जागा मिळाली. ऑफिस म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबलाला टेबल लावून आम्ही पाच जण, आतल्या केबिनमध्ये साहेब. मी घाटावरचा, पारावर बसून गप्पा हाणत वाढलेला. एका खोलीत पाच माणसं आणि वर पगार, म्हणजे मला लॉटरी लागल्यासारखंच झालं. पहिल्या दोन आठवड्यांत मी शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टबाईंच्या सासूपासून पलीकडच्या म्हाताऱ्या डिस्पॅच क्लार्कच्या दाढदुखीपर्यंत सगळं माहीत करून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात एक बिल्डर आला. साहेब त्याला फिकट गुलाबी बेसिनं खपवायला बघत होते. ही नवी फॅशन आहे, जुहूकडे सगळे हीच मागतात, वगैरे. मी कॅटलॉग द्यायला आत गेलो होतो. मला कोणी काही विचारलं नव्हतं. तरी मी म्हणालो, "हो ना, इतकी मागणी आहे की कोणी परत करायला आलं तर आम्ही आतून कडी लावतो."

बिल्डर खो खो हसला. आणि पांढऱ्या बेसिनांची ऑर्डर देऊन गेला.

साहेब माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांना ओरडताच येत नसे. पन्नाशी उलटलेली, अंगाने बारीक, पांढरा बुशशर्ट, खिशाला हिरव्या शाईचं पेन. बोलण्याचं त्यांना पथ्य असावं, दम्याच्या माणसाला ताकाचं असतं तसं. कोणी केबिनच्या दारात उभा राहिला की मान वर न करता ते विचारायचे, "कागद?" कागद नसेल तर माणसाने परत जायचं, लिहायचं आणि कागद घेऊन यायचं. तोंडी रजा नाही, तोंडी तक्रार नाही, तोंडी नमस्कारसुद्धा त्यांना जरा जास्तच वाटायचा.

मला मात्र त्या दिवशी त्यांनी कागदाशिवाय आत घेतलं.

"तुम्हाला बोलायला आवडतं," ते म्हणाले.

"हो साहेब," मी म्हणालो. मला वाटलं, कौतुकच चाललंय.

"कांजूरच्या गोडाऊनला माणूस हवाय. थोडे दिवस सांभाळा."

मी खूश. गोडाऊन इन्चार्ज! कोणाचा इन्चार्ज, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

शेड मोठ्या रस्त्यापासून आत, एका गल्लीच्या टोकाला होतं. एका अंगाला लाकडाची वखार, दुसऱ्या अंगाला बंद पडलेल्या एका कारखान्याची भिंत. रूळ ओलांडून थोडं पुढे गेलं की मिठागरं. दुपारी तिकडून खारट, गरम वारा यायचा आणि पत्रे कडकड वाजायचे. आजूबाजूच्या कारखान्यांचे भोंगे व्हायचे तेव्हा वखारीतला कुत्रा त्यांच्या सुरात सूर मिळवायचा. दिवसभरात माझ्याशी संवाद साधायचा प्रयत्न केला असेल तर त्या कुत्र्याने.

काम काय? आठवड्यातून एकदा फॅक्टरीतून ट्रक यायचा. हमाल पेंढ्यात गुंडाळलेला माल उतरवून निघून जायचे. मग मी एकेक नग पेंढ्यातून बाहेर काढून बोटाच्या पेराने वाजवून बघायचा. चांगला नग घंटेसारखा खणखणतो. डोळ्यांना न दिसणारा केसाएवढा तडा असला तरी आवाज बद्द येतो, मडकं आपटल्यासारखा. बद्द वाजला की नग बाजूला, फुटीत धरायचा. एकशे चाळीस कमोडना रोज "आहात का?" विचारत फिरायचं आणि त्यांनी "आहोत" म्हणायचं. पहिल्या महिन्यातच उजव्या हाताच्या मधल्या बोटाला घट्टा पडला.

आता कोणी म्हणेल, दिवस गोडाऊनमध्ये गेला तरी संध्याकाळी घरी माणसं असतीलच की. होती ना. विक्रोळीच्या चाळीत एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. पण बाकीचे तिघं एकाच कारखान्यात, एकाच पाळीत, आणि ती पाळी रात्रीची. मी दार उघडायचो तेव्हा ते डबे भरून बाहेर पडत असायचे आणि सकाळी मी निघायचो तेव्हा चादरी डोक्यावरून ओढून झोपलेले. वर्षभर मी त्यांना तोंडावरून कमी आणि पायांवरून जास्त ओळखायचो. रविवारी तिघंही आपापल्या नातेवाइकांकडे. माझे नातेवाईक सगळे घाटावर.

तर दिवसभरात मला भेटणारं जिवंत माणूस एकच, आमचा टेम्पोवाला. मालवणकडचा. आधी गिरणीत होता. गिरणीला कुलूप लागल्यावर त्याने स्टिअरिंग धरलं. सकाळी अकराला माल न्यायला यायचा आणि संध्याकाळी चारला दुसरी फेरी. गल्लीच्या तोंडापासूनच ओरडायचा, "काय रे घाट्या, जिवंत आसस मां?"

"आहे अजून. तुला वाईट वाटलं का?"

"नाय रे. तू मेलस तर हे कमोड कोण उचलतलो? माका उचलूक लागतले."

पंधरा मिनिटांत टेम्पो भरून तो निघून जायचा. माझ्या दिवसाच्या भाषेचा साठा तेवढाच.

फोन नव्हता. वखारवाल्याकडे होता, पण तो "अर्जंट आहे का?" असं विचारायचा, आणि मला एकटं वाटतंय हे त्याच्या यादीत अर्जंट नव्हतं. साहेबांपर्यंत जायची माझी वाट एकच होती, रोजचा तक्ता. छापील कागद. आवक, जावक, शिल्लक, फूट आणि अगदी कडेला दोन बोटं रुंदीचा रकाना, शेरा. कार्बन घालून दोन प्रती करायच्या आणि चारच्या टेम्पोने अंधेरीला पाठवायच्या. दुसऱ्या दिवशी एक प्रत साहेबांच्या हिरव्या शाईची बरोबरची खूण लेवून परत यायची. शेऱ्यात मी रोज लिहायचो, "काही नाही." ते अगदी खरं होतं.

दोन महिने "काही नाही" गेल्यावर एका सकाळी पेंढ्यातून म्याव आलं. एका फिकट निळ्या कमोडमध्ये मांजर व्यायली होती. चार पिल्लं. आणि नेमका तोच नग त्या दिवशी मुलुंडच्या एका पार्टीला द्यायचा होता. मी शेऱ्यात लिहिलं, "नग क्रमांक अमुक जावक करता येत नाही. आत कुटुंब राहते. भाडेकरूंना कायद्याने हलवता येत नाही."

पाठवलं आणि मग साहेबांचं 'थोडे दिवस सांभाळा' आठवलं. त्या थोड्या दिवसांचे कायमचे दिवस झाले तर? दुसऱ्या दिवशी तक्ता आला. हिरवी खूण होती आणि तिच्याखाली, आयुष्यात पहिल्यांदा, एक ओळ: "मांजर हलवू नये. दुसरा नग द्या."

ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. लाज वाटते.

झालं, मी सुटलोच. रकान्यातला शेरा दुसऱ्या दिवशी अर्ध्या पानावर गेला. तिसऱ्या दिवशी रकान्यात "मागे पाहा" आणि मागचं पान पूर्ण भरलेलं. एक गृहस्थ सपत्नीक माल बघायला आले आणि बसून बघितल्याशिवाय घेणार नाही म्हणाले, बसले, आणि बसल्या बसल्या बायकोशी भांडले, ते लिहिलं. तेच एक गुलाबी बेसिन चौथ्यांदा परत आलं आणि आता मला ओळख दाखवतं, ते लिहिलं. मी स्वतः कमोडच्या झाकणावर बसून डबा खाताना झाकण कसं तुटलं आणि ते फुटीत धरावं की कारकुनात, असा प्रश्न साहेबांना टाकला. (साहेबांनी खूण केली होती, "फुटीत" या शब्दावर.) सकाळी नग वाजवायचे, दुपारी शेरा जुळवायचा. एखादं वाक्य जमलं नाही तर मी ते कमोडना वाचून दाखवायचो. त्यांचं मत कधी वाईट पडलं नाही.

आणि टेम्पोवाला बातमी आणायचा, "अरे, साहेब तुझो कागद वाचून हसता! खराच. चष्मो काढून डोळे पुसता."

"गप रे. तो माणूस हसतो?"

"देवाशपथ. जेवताना डब्याच्या बाजूक तुझो कागद. दार ढकललेला असता, पण फटीतसून दिसता मां."

तेव्हा मला वाटलं, साहेबाशी कसं बोलावं याची किल्ली मला सापडली. ऑफिसातले चौघे दारात उभे राहून "कागद?" ऐकून परत जातात, आणि मी, चांगला सात-आठ मैलांवर बसून, रोज त्यांच्या ताटाशेजारी असतो. छाती अशी फुगली की बंडीची बटणं दुखावली.

नवरात्राच्या सुमाराला टेम्पोवाल्याने खरी बातमी आणली. "अंधेरीचो तो म्हातारो डिस्पॅचवालो दिवाळीनंतर जातलो. खुर्ची रिकामी होतली."

ती खुर्ची! टायपिस्टबाईंच्या शेजारची, खिडकीजवळची, जिच्यावर बसलं की खाली फळवाल्यांची भांडणं ऐकू यायची. चार माणसांच्या कोपराला कोपर लागतील अशी. मला बढती नको होती, पगारवाढ नको होती. कोणी तरी "अहो, जरा पंखा कमी करा" म्हणावं आणि मी "नाही करत" म्हणावं, एवढंच हवं होतं. त्या दिवशी नग वाजवताना माझा आकडा दोनदा चुकला.

"तू साहेबाक सरळ सांग मां," टेम्पोवाला म्हणाला. "'माका थंय घेवा' म्हणान."

"सरळ?" मी त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "अरे, सरळ तर कोणीही सांगेल. साहेब माझी भाषा ओळखतात."

संध्याकाळच्या तक्त्यात शेरा गेला: "आज गोडाऊनमध्ये समस्त कमोडवर्गाची सभा भरली. अध्यक्षस्थानी गुलाबी बेसिन होते. सर्वानुमते ठराव झाला की सध्याच्या कारकुनाच्या अखंड बडबडीमुळे सभासदांना तडे जाण्याचा संभव असल्याने त्यास अविलंब अंधेरी येथे हलवावे. ठरावास मांजरीने अनुमोदन दिले."

दुसऱ्या दिवशी हिरवी खूण. आणि टेम्पोवाल्याचा वृत्तान्त, "काल तर ठसको लागलो तेंका. टायपिस्टबाई पाणी घेवन धावली."

ठराव मंजूर! हिरवी खूण म्हणजे मंजुरीच ना? शिल्लक मंजूर, फूट मंजूर, तसा ठराव मंजूर. मी आणखी दोन शेरे पाठवले. एकात अंधेरीच्या खुर्चीत ढेकूण असल्याचं ऐकलं, मला ढेकूण चालतील, निदान ते उलट चावतात, असं. दुसऱ्यात कांजूरच्या कुत्र्याला गोडाऊन इन्चार्ज करावं, भोंग्याची वेळ तो माझ्यापेक्षा जास्त पाळतो, असं. दोन्हींवर हिरवी खूण. तीनदा मंजूर.

मग मी जे काय करायचं ते सगळं केलं. गोडाऊनमध्ये चहापुरता ठेवलेला रॉकेलचा स्टो वखारीतल्या रखवालदाराला देऊन टाकला. दादरला जाऊन खाकी नसलेली पँट घेतली. खोलीतले तिघं एका संध्याकाळी बाहेर पडता पडता दारात भेटले, तेव्हा त्यांना अडवून पेढे दिले. त्यातल्या एकाने तोंडात पेढा असतानाच विचारलं, "तू कुठे कामाला असतोस रे?" आणि आईला पोस्टकार्ड टाकलं: बदली झाली, आता अंधेरीला, माणसांत. "माणसांत" या शब्दाखाली रेघ ओढली. आईला त्याचं काय वाटलं असेल, देव जाणे. आधी मी कुठे होतो असं तिला वाटलं असेल?

दिवाळी झाली. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी रोज नवी पँट घालून जायचो आणि पेंढ्यात मळवून यायचो. गुरुवारी सकाळी टेम्पोवाला आला तो गल्लीच्या तोंडाशी ओरडलाच नाही. खाली उतरला, बिडी पेटवली.

"काय रे, मुका झालास?" मी म्हणालो.

"खुर्चेर नवो माणूस बसलो. काल."

"कुठल्या खुर्चीवर?"

"खंयच्या म्हणजे? तुझ्याच. मालाडचो कोण तरी. तुका कोणी सांगूक नाय?"

"सांगितलं ना," मी म्हणालो. "मला माहीत होतं. मीच नको म्हटलं."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि एकट्याने तीन कमोड टेम्पोत चढवले. माझ्या वाटणीचेही.

त्या दिवशीचा शेरा: "काही नाही." दुसऱ्या दिवशीचा: "काही नाही." मी मनात म्हणालो, आता कळेल. आता ताट कोरडं लागेल. रुसण्यासाठी समोर माणूस लागतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिन्हीत्रिकाळ मी एका पत्र्याच्या शेडवर रुसून बसलो होतो. नग वाजवायचो, ते खणखणायचे, आणि मला त्यांचा राग यायचा. आईचं उलट पोस्टकार्ड आलं: बरं झालं, आता जेवणाचे हाल होणार नाहीत, शेजारी कोण कोण आहे ते कळव. ते पोस्टकार्ड मी पेंढ्याच्या ढिगात खोल खुपसलं. तिला मी काय कळवणार होतो? शेजारी नव्वद बेसिनं?

सात दिवस "काही नाही" गेल्यावर हिरव्या शाईत प्रश्न आला, "शेरा का नाही?" मी लिहिलं, "शेरा नाही."

आणि शनिवारी दुपारी गल्लीत रिक्षा वाजली. साहेब. ते कांजूरला कधी आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. बुशशर्टाला घाम, हातात रुमाल. मी उठून उभा राहिलो. ते आत आले आणि माझ्याकडे न बघता सरळ मालाकडे गेले. पहिल्या कमोडवर पेर आपटलं. खण्ण. दुसऱ्यावर. तिसऱ्यावर.

"फूट किती?" त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"नाही साहेब. लिहिलंय तेवढीच."

"पडलं काय? रॅक कोसळली? जे असेल ते सांगा."

"काही पडलं नाही."

"मग शेरे का बंद केलेत? माणूस अचानक गप्प झाला की माल फुटलेला असतो. तीस वर्षं हाच धंदा बघतोय."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. साहेब माझी समजूत घालायला आले नव्हते, तपासणीला आले होते. मला हसूच यायला लागलं.

"साहेब, ती अंधेरीची खुर्ची..."

"कुठली?"

"डिस्पॅचची."

"ती भरली."

"हो. मी लिहिलं होतं."

"काय लिहिलं होतं?"

"मला तिथे घ्या म्हणून."

"कधी?" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. साहेबांकडून एखादा कागद नजरेतून सुटला असं कधी झालं नव्हतं, म्हणून ते खरोखर आठवू लागले.

"कमोडांच्या सभेत," मी म्हणालो. मोठ्याने म्हटल्यावर ते कसं ऐकू आलं ते विचारू नका. "मग ढेकणांत. आणि कुत्र्याच्या वेळी."

साहेबांनी रुमालाने घाम पुसला. मग स्टुलावर बसले. स्टूल डुगडुगलं, त्यांनी पाय रोवला.

"ते विनोद होते," ते म्हणाले.

"विनोदातच होतं साहेब."

"अहो, पण मला वाटलं तुम्ही इथे मजेत आहात." त्यांच्या आवाजात राग नव्हता, गोंधळ होता. "माझ्याकडे इतकी माणसं आहेत, रोज कुरकुर. पंखा, रजा, टेबल. तुमचाच एक कागद असा यायचा की वाटायचं, चला, एक तरी माणूस खुशीत आहे. ती जागा भरताना तुमचं नाव निघालं होतं. कंपनीच्या मालकांनीच काढलं. मीच म्हटलं, त्यांना हलवू नका, ते तिथे रमलेत."

पत्रे कडकड वाजले. मिठागरावरून वारा सुटला होता.

मी आयुष्यात इतकी फजिती करून घेतली आहे की तिची मोजदाद मी कधीच सोडून दिली. पण स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अक्षरात, कार्बन घालून, दोन प्रतींत केलेली फजिती ती एकच. मी रोज एका माणसाला पटवून देत होतो की मी सुखात आहे, आणि इतकं उत्तम पटवलं होतं की त्याने मला त्या सुखातच ठेवलं.

"आता सांगा," साहेब म्हणाले. "काय हवंय ते सरळ सांगा."

आणि माझं तोंड उघडेना. हा मी! बिल्डरच्या तोंडावर बोललेला, कुत्र्याशी बोलणारा. जिभेवर चार वाक्यं आली, चारही गमतीची. पाचवं येईना. साहेबांनी दोन मिनिटं वाट बघितली असेल. मग खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "लिहून द्या," ते म्हणाले आणि उठून दाराबाहेर जाऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून, वखारीतल्या फळ्या बघत.

मी कोरा तक्ता घेतला. आधी लिहिलं, "सदर कारकुनास". खोडलं. मग लिहिलं, "अर्जदार कमोड नसून". तेही खोडलं. मग बराच वेळ गेला. शेवटी लिहिलं: "मला इथे एकटं वाटतं. मला माणसांत बसायचं आहे." हिरव्या शाईत माझं अक्षर कोणा दुसऱ्याचंच वाटत होतं.

साहेबांनी दारातच वाचलं. हसले नाहीत. चष्माही पुसला नाही. घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "चहा मिळेल का इथे?"

स्टो मी दान केला होता, हे सांगावं लागलं. का दान केला, तेही. आम्ही गल्लीच्या तोंडाशी टपरीवर गेलो. उभ्या उभ्या चहा हातात घेऊन साहेबांनी विचारलं, "एकटं म्हणजे कसं?" मी सांगितलं. खोलीतल्या तिघांच्या पायांचं सांगितलं, आईच्या पोस्टकार्डाचं सांगितलं. सांगताना एक-दोन ठिकाणी चांगली कोटी होण्यासारखी होती, मी ती गिळली. साहेब ऐकत होते. चहावर साय धरली तरी त्यांनी कप तोंडाला लावला नाही.

"तो मालाडचा माणूस आता काढता येत नाही," ते म्हणाले. "त्याची काही चूक नाही."

"नाही साहेब."

"जूनमध्ये मुलुंडला दुकान उघडतोय. तिघं-चौघं असतील. गिऱ्हाईक दिवसभर. थांबाल तोवर?"

"थांबतो."

"मग सोमवारी तसा अर्ज पाठवा. साधा. मागे पाहा वगैरे नको."

अर्ज मी पाठवला. चार ओळींचा, त्यात एकही मांजर नाही. जूनपर्यंतचे महिने मी शेऱ्यात लिहायचं तेवढंच लिहिलं: पत्रा गळतो, पेंढा संपला, हमाल कमी आले. पुन्हा विनोद करून बघावा असं अनेकदा मनात आलं. पण एकदा खरं सांगितल्यावर गंमत करायला बसलं की ती खोटी वाटायची, आणि साहेबांनाही ती आता खोटीच वाटली असती. त्यांची हिरवी खूण यायची. ओळ कधी आली नाही. टेम्पोवाल्याने एकदा सांगितलं, "साहेब आता जेवताना पेपर वाचता." मी विचारलं, हसतो का? तो म्हणाला, "पेपरात हसण्यासारखा काय असता रे?"

जूनमध्ये मी मुलुंडला गेलो. साहेबांनी शब्द पाळला. दुकानात आम्ही चौघं, आणि गिऱ्हाइकांची रीघ. कोपराला कोपर लागायचं, पंख्यावरून भांडण व्हायचं, मी पंखा कमी करत नसे. मला हवं होतं ते सगळं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी कमोडांच्या सभेची गोष्ट सांगितली आणि तिघंही पोट धरून हसले. त्यांच्यातल्या कोणी विचारलं नाही की सभा भरवायची वेळ माझ्यावर का आली. त्यांनी का विचारावं? गोष्ट चांगली होती.

दुकानात फोन होता. रोज सकाळी अकराला अंधेरीला फोन करून कालचा हिशोब साहेबांना तोंडी सांगायचा, असा नवा नियम मालकांनी काढला होता. साहेबांना तो नियम किती जड गेला असेल, मला कल्पना आहे. ते रिसीव्हर उचलायचे आणि म्हणायचे, "बोला." मी आकडे सांगायचो. कमोड इतके, बेसिनं इतकी, गुलाबी एकही नाही. पलीकडून कागदावर पेन फिरल्याची कुरकुर ऐकू यायची. मग ते विचारायचे, "आणखी?"

"आणखी काही नाही साहेब."

यानंतर फोन ठेवायला हवा. पण ते लगेच ठेवत नसत, आणि मीही. खरखर चालू असायची. माझ्यामागे दुकानात तिघांचा गलबला, त्यांच्यामागे काहीच नाही, बहुतेक बंद दार. एकदा श्रावणात, असंच "आणखी?" झाल्यावर, माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, जेवलात का?"

मला वाटलं लाइन कटली.

"अकरा वाजलेत," साहेब म्हणाले.

"हो, ते आहेच."

"दीडला जेवतो मी."

"डब्यात काय आहे आज?"

हा प्रश्न त्यांना कोणी तोंडी विचारला असेल असं वाटत नाही. मागून एका गिऱ्हाइकाने मला दोनदा हाक मारली. मग ते म्हणाले, "बघितलं नाही अजून. थांबा," आणि पलीकडे टेबलावर रिसीव्हर ठेवल्याचा आणि डब्याची कडी निघाल्याचा आवाज आला.